तुटक्या रेघेचं घड्याळ

मित्रांनो, मी भिंतीवर टांगलेलं एक जुनं घड्याळ आहे, पण किती वाजले हे बघायला माझ्याकडे सहसा कुणी येत नाही. माझ्या पोटाखाली एक फट आहे. कामावर येणाऱ्या माणसानं आपल्या नावाचं जाड कागदाचं कार्ड त्या फटीत सरकवायचं आणि बाजूचा दांडा खाली दाबायचा. मी ‘ठक्’ असा आवाज करून त्यावर तारीख आणि वेळ उमटवतो. घरी जाताना पुन्हा एकदा ठक्. या दोन ठशांच्या मधल्या वेळाला लोक काम म्हणतात. मी हजेरीचं घड्याळ आहे.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. ओक लाकडाची पेटी, पितळी तबकडी आणि आत पोलादी चाकं. तिथल्या तपासनिसानं मला आठ दिवस आपल्या टेबलावर ठेवलं आणि नवव्या दिवशी माझ्या पाठीवर सही केली. “अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही,” असं तो शेजारच्याला म्हणाला. त्या सहीचा मला गर्व आहे. गर्व करू नये हे मलाही कळतं, पण घड्याळाला तो थोडासा शोभतो. आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. तारीख-वेळेच्या आकड्यांखाली मी एक बारीक, सरळ रेघ उमटवत असे. ती नुसती शोभेची होती. पण ती ध्यानात ठेवा, पुढे तिच्याशी आपलं काम आहे.

कारखान्यातून मी आगगाडीनं उत्तरेला आलो, टोर्सनेस नावाच्या लहानशा गावात. गावात एक तळं, दोन चर्च आणि एक लोण्याचा कारखाना होता. त्या लोण्याच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं काढली. बावीस माणसं सकाळी येऊन माझा दांडा दाबत. संध्याकाळी पाचला भोंगा झाला की पुन्हा रांग लागे. मी बावीस वेळा ठक् करी, आणि नेमका तेव्हाच मुकादम हाक मारी, “पोरांनो, जाता जाता टाक्या तेवढ्या धुऊन टाका रे!”

जाता जाता! त्या टाक्या धुवायला सव्वा तास लागे. माणसं गमबूट चढवून परत आत जात, आणि त्यांच्या कार्डांवर मात्र पाच वाजलेले असत. मी ते रोज बघत होतो. पण माझ्या तोंडून फक्त आकडे निघतात, आणि तेही कुणी दांडा दाबला तर. ऑर्व्हिल लोकेन नावाचा एक उंच, अबोल तरुण होता. त्यानं एकदा टाक्या धुऊन झाल्यावर, सव्वासहाला, मुकाट्यानं आपलं कार्ड माझ्यात पुन्हा घातलं. दुसऱ्या दिवशी मुकादमानं ते कार्ड सगळ्यांसमोर फाडलं. ऑर्व्हिल मान खाली घालून कामाला लागला. मला मात्र फार लाज वाटली. अर्ध्या मिनिटाचा हिशोब ठेवणारा मी, आणि माझ्या डोळ्यांदेखत रोज सव्वा तास बेपत्ता होत होता.

पुढे तो कारखाना बंद पडला. तिथलं सामान विकायला काढलं तेव्हा मला आर्डिस मोएनबाईंनी घेतलं. मुख्य रस्त्यावर त्यांची खानावळ होती. बाई अंगानं आडव्या आणि त्या गावाच्या मानानं फार बोलक्या होत्या. म्हणजे दिवसाला पंधरा-वीस वाक्यं बोलत. मला मागच्या दारापाशी, अॅप्रन अडकवायच्या खुंट्यांजवळ लावलं. आणि लावलं कुणी? ऑर्व्हिलनंच. तो आता पन्नाशी ओलांडून बाईंच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागला होता. खिळा ठोकून झाल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “तू पण आलास का इकडे?” इतक्या वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला.

टोर्सनेसच्या माणसांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. त्यांच्यापुढे पाईची, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाची, बशी सरकवली तर ती दोनदा नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा घेतात. संकटाचं मात्र चौथ्यांदा विचारलं तरी सांगत नाहीत. आणि दुसऱ्याच्या संकटाची चौकशी करणं म्हणजे तर त्याच्या घरात खिडकीतून डोकावणं. त्यामुळे गावात भांडणं फार कमी होती आणि घोटाळे मात्र पुष्कळ.

जनेल ब्रेक्के खानावळीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती जवळच्या शहरात कॉलेजात शिकत होती आणि शनिवार-रविवारी, सुट्ट्यांत आमच्याकडे काम करायची. तिला गृहशास्त्राची शिक्षिका व्हायचं होतं, तेही गावातल्याच शाळेत, तिथल्याच खोलीत. त्या खोलीत सहा शेगड्या, दहा शिवणयंत्रं आणि बाळाला आंघोळ घालायला शिकवायचा एक टब होता. जनेल तेरा वर्षांची असताना तिची आई गेली. घरात वडील आणि दोन धाकटे भाऊ. तेव्हा त्याच खोलीतल्या इंगवाल्सनबाईंनी तिला रोज शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. बटाटे कसे उकडायचे, भावांच्या विजारींना ठिगळ कसं लावायचं, आठवडाभराचं सामान कसं पुरवायचं, हे सगळं शिकवलं. जनेल हे कुणाला सांगत नसे. आर्डिसबाईंना एकदाच म्हणाली होती, “त्या खोलीनं आमचं घर चालवलं.”

कामाला पोरगी हिऱ्यासारखी. पण तिला एक खोड होती. दुपारी दोनला तिची पाळी संपे. ती कार्ड घाली, ठक् करी, अॅप्रन खुंटीला अडकवी आणि मग लगेच तोच अॅप्रन काढून परत बांधी! गावात कुणाचं निधन झालं की चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण असे, आणि त्यासाठी हॅमचे पाव आणि ताटंच्या ताटं वड्या आमच्याच स्वयंपाकघरात होत. जनेल त्यासाठी थांबायची. कधी चार वाजत, कधी सात.

“अगं, कार्ड काढलंस ना? मग जा की घरी,” आर्डिसबाई म्हणायच्या.

“हे काम थोडंच आहे? मदतीला थांबलेय,” जनेल म्हणायची.

सकाळीसुद्धा तेच. पहाटे येऊन कणीक मळायची, कॉफी चढवायची आणि पुढचं दार उघडलं की मग माझ्याकडे यायची. गिऱ्हाईक नसताना कार्ड घालणं तिला चोरी केल्यासारखं वाटे. मला लोण्याच्या कारखान्याची आठवण होई आणि माझी चाकं कुरकुरत. तिथे मुकादम तरी होता. इथे ही पोरगी स्वतःच स्वतःची मुकादम झाली होती.

आणखी एक नवल घडत असे. जनेल परत आत गेली की ऑर्व्हिल सिंकपाशी हात पुसत माझ्याकडे येई. कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड घेई, त्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिही आणि ठक् करी. मग ते शर्टाच्या खिशात घालून पुन्हा भांड्यांकडे वळे. जनेल घरी गेली की परत येई, ठक्. पहाटेही तसंच. हे कार्ड कशाचं ते मला माहीत नव्हतं. त्या बाजूनं मला दिसत नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला माझा आवाज आवडत असावा. खरं सांगतो, मी मनातल्या मनात सुखावलो होतो.

अशी तीन वर्षं गेली आणि एका फेब्रुवारीत माझ्यावर प्रसंग आला. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि बुटांबरोबर आत आलेलं पाणी मागच्या दारात साचलं होतं. जनेल लेफ्सेचा मोठा तवा घेऊन येत होती. लेफ्से म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, आणि तिचा तवा परातीएवढा असतो. तिचा पाय सरकला, आणि त्या तव्याची कड थेट माझ्या पोटावर बसली.

मी बंद पडलो नाही. पण आकड्यांखालची माझी रेघ मधोमध तुटली. तेव्हापासून मी उमटवतो त्या प्रत्येक ठशात ती दोन तुकड्यांत येते. जनेलचा चेहरा पांढराफटक पडला. “मी मोडलं! मी मोडलं ते!” असं ती पुनःपुन्हा म्हणत होती.

“वेळ दाखवतंय ना? मग झालं तर,” आर्डिसबाई म्हणाल्या.

झालं तर! माझ्या रूपाची ही किंमत. मला इतका राग आला की तो आठवडाभर मी मुद्दाम दोन मिनिटं मागे चाललो. आता कबूल करायला हरकत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी जनेलचं कॉलेज संपलं. इंगवाल्सनबाई निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्या खोलीला कुणी शिक्षक मिळत नव्हता. शाळेच्या मंडळानं ठरवून टाकलं की ऑगस्टपर्यंत परवाना असलेली शिक्षिका मिळाली नाही तर शेगड्या आणि शिवणयंत्रं विकायची आणि तिथे वजनं उचलायची व्यायामशाळा काढायची. जनेलकडे पदवी होती. फक्त परवाना यायचा होता. आणि त्या परवान्याला राज्याची एक अट होती. जिनं खानावळीत, शिवणाच्या दुकानात किंवा पाळणाघरात प्रत्यक्ष राबून पाहिलं नाही, तिनं मुलांना त्या कामाचं काय सांगायचं? म्हणून अशा कामाचे दोन हजार तास हवेत. पगारी असोत की बिनपगारी, पण ज्या त्या दिवशी झालेली त्यांची नोंद हवी, आणि शाळांचे अधीक्षक झास्ट्रोसाहेब यांची त्यावर सही हवी.

अट मला एकदम पसंत पडली. आजवर कुणी माझ्या ठशांना इतका मान दिला नव्हता.

जुलैच्या एका दुपारी जनेल आणि आर्डिसबाई कार्डांचे बुटांचे खोके घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. ऑर्व्हिल त्या दिवशी दात काढायला गेला होता. दोघी गात-गुणगुणत बेरीज करत होत्या. मग गुणगुणणं थांबलं.

“किती गं?” आर्डिसबाईंनी विचारलं.

“सतराशे चाळीस.”

“शक्यच नाही. परत कर.”

जनेलनं परत केली. सतराशे चाळीसच.

“ते घड्याळच बिघडलंय,” आर्डिसबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. “तू तवा घातलास तेव्हापासून त्याचं डोकं फिरलंय.”

माझा किती अपमान झाला म्हणून सांगू! पण जनेल हळूच म्हणाली, “घड्याळ बरोबर आहे. मीच कार्ड काढून थांबत होते. चार वर्षं.”

दोनशे साठ तास कमी पडत होते आणि अर्ज पोचायला आठ दिवस उरले होते. मी घड्याळ आहे, मी लगेच गुणाकार केला. आठ दिवसांचे रात्रंदिवस मिळून तासच मुळी एकशे ब्याण्णव होतात. झोपली नाही, जेवली नाही, तरी पोरगी पोचणार नव्हती.

आर्डिसबाई उठल्या. माझ्याशेजारचा कोऱ्या कार्डांचा गठ्ठा उचलून त्यांनी टेबलावर आपटला. “हे घे. तास तू केलेस, मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. मागच्या तारखा घालून मार ठसे. तारखेची सहा चाकं फिरवायची, त्यात काय! कोण बघतंय?”

जनेल त्या गठ्ठ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिला ते हवं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“पहिल्या दिवशी इंगवाल्सनबाईंनी मला काय शिकवलं माहितेय?” ती म्हणाली. “पेल्यात पीठ भरायचं आणि सुरीच्या पाठीनं वरचं सपाट करायचं. शीग लावायची नाही आणि कमीही भरायचं नाही. पहिल्या दिवशी मीही मुलांना तेच शिकवणार. आणि त्या खोलीत शिरणार कशी, तर असले ठसे मारून?”

“मग काय करणार आहेस?”

“माहीत नाही. कुणाला सांगू नका, एवढंच.”

आणि मित्रांनो, इथेच टोर्सनेसचा खरा घोटाळा झाला. आर्डिसबाईंनी शब्द पाळला आणि कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिल सुजलेला गाल घेऊन कामावर आला. पोरीचे डोळे लाल आहेत हे त्यानं पाहिलं. पण विचारणार कसा? माणसाच्या डोळ्यांची चौकशी करायची असते का? चार दिवस ती दोघं एकाच सिंकपाशी उभी होती. ती ताटं खरवडून देई आणि तो घाशी. चार दिवसांत दोघं मिळून बोलली ती इतकीच, की हवा गरम आहे आणि पाऊस हवा होता.

मी तिथून थोड्याच अंतरावर भिंतीला लटकून सगळं बघत होतो. शुक्रवारी दोन माणसं कॉफी प्यायला आली. हातात मोजायची पट्टी होती. शाळेतली ती खोली मोजून आलो, वजनांच्या चार बाकड्यांना पुरेल, शेगड्यांना गिऱ्हाईकही मिळालंय, असं ती आर्डिसबाईंना सांगत होती. जनेल हातात भांडी घेऊन दारातच उभी होती. ती मागे आली, भांडी खाली ठेवली आणि सिंकच्या कडेला धरून उभी राहिली.

“ऑर्व्हिल,” ती म्हणाली, “सोमवारपासून मी येणार नाही. दुसरीकडे काम बघते. शाळेचं काही जमत नाही.”

ऑर्व्हिल ताट घासत राहिला. मग त्यानं आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच गावाची रीत मोडली.

“का?” त्यानं विचारलं.

“दोन हजार तास लागतात. माझे सतराशे चाळीस आहेत. मदतीला थांबायचे त्याची नोंद नाही.”

“हं,” ऑर्व्हिल म्हणाला. त्यानं हातातलं ताट धुतलं. पुढचं घेतलं, तेही धुतलं. सिंकमध्ये आणखी चार ताटं होती, ती सगळी धुतली, निथळत ठेवली, हात पुसले. माझा जीव नुसता कासावीस झाला होता. अरे बाबा, चल ना!

मग तो लेफ्सेच्या तव्यांच्या फडताळाकडे गेला आणि मागून चरबीचा एक जुना पत्र्याचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. डबा कार्डांनी गच्च भरला होता. प्रत्येकावर पेन्सिलीनं एकच नाव होतं: जनेल.

“हे काय?”

“तुझी मदत,” ऑर्व्हिल म्हणाला. “चार वर्षांची.”

जनेलनं एक कार्ड उचललं, मग दुसरं. आत दोन वाजून पाच, बाहेर सहा वाजून दहा. “तुम्ही... प्रत्येक वेळी?”

“दात काढला तो दिवस आणि मेहुण्याच्या लग्नाचा दिवस सोडून.”

“आणि मला सांगितलं का नाही?”

“तू ऐकलं असतंस? कार्डं फाडली असतीस.”

“पण हे चार दिवस! मी तुमच्या शेजारी उभी राहून मरत होते!”

“तू सांगितलंस कुठे?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

मग जनेल एकदम हसायला लागली, हसता हसता पिठाच्या बादलीवर बसली आणि रडायला लागली. ऑर्व्हिलनं तिला आपलं भांडी पुसायचं फडकं दिलं. “लोण्याच्या कारखान्यात अकरा वर्षं मी टाक्या धुतल्या,” तो म्हणाला. “त्याचा एक कागद नाही. म्हटलं, हिचं तसं होऊ द्यायचं नाही.”

डब्यात तीनशे बारा तास होते. आर्डिसबाईंनी बेरीज तीनदा केली आणि तिन्ही वेळा मोठ्यानं वाचली.

पण काम इथेच संपलं नव्हतं. सोमवारी सकाळी झास्ट्रोसाहेब खानावळीत आले. लांबट चेहऱ्याचे, टाय लावलेले, सरळ मनाचे गृहस्थ. आर्डिसबाईंनी रुबार्बच्या आंबट देठांची पाई पुढे केली. ते दोनदा नको म्हणाले, तिसऱ्यांदा घेतली. मग त्यांनी बुटांच्या खोक्यातली कार्डं बघितली आणि डबाही पालथा केला.

“जनेल, तुझ्याबद्दल मला शंका नाही,” ते म्हणाले. “पण माझ्या सहीला काही अर्थ राहायला हवा. ही डब्यातली कार्डं शनिवारी बसून मारली नाहीत कशावरून? चाकं फिरवली की हवी ती तारीख येते.”

ऑर्व्हिलनं नुसती मान वळवली. असल्या प्रश्नाला उत्तर देणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आर्डिसबाईंचा चेहरा लालबुंद झाला, कारण ती युक्ती त्यांनीच सुचवली होती. मी ओरडून सांगणार होतो, पण मला सांगता येतं ते फक्त ठक्.

साहेबांनी उठून एक कोरं कार्ड माझ्यात घातलं आणि दांडा दाबला. ठसा उजेडात धरून बघितला. “ही खालची रेघ मधेच तुटलीय. हे असंच आहे का?”

“ते मी मोडलंय,” जनेल लगेच म्हणाली. आता तिथे ते कबूल करायची काही गरज होती का? पण पोरगीच तशी. “गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. पाय घसरला आणि तवा लागला. दुरुस्त करून द्यायचं राहिलं.”

“त्याच्या आधी रेघ अखंड होती?”

“हो.”

झास्ट्रोसाहेबांनी चष्मा पुसला. डब्यातली कार्डं टेबलावर पसरून ते एकेक बघू लागले. त्या फेब्रुवारीच्या आधीची सगळी कार्डं एका बाजूला आणि नंतरची दुसऱ्या बाजूला. नंतरच्या प्रत्येक ठशात रेघ तुटलेली होती. आधीच्या एकाही ठशात नव्हती. कारखान्यातून निघताना होती तशी, सरळ आणि अखंड.

“हे घड्याळ आता अखंड रेघ काढूच शकत नाही,” ते सावकाश म्हणाले. “म्हणजे आधीची ही कार्डं शनिवारची असूच शकत नाहीत. ती त्या त्या दिवशीचीच आहेत.”

त्यांनी पेन काढलं. पण सही करण्याआधी त्यांचा हात एका कार्डावर थांबला. “चार ऑक्टोबर,” ते म्हणाले. “आत दोन वाजून तीन, बाहेर सात वाजून वीस. त्या दिवशी माझ्या आईला निरोप दिला आम्ही.”

“लिंबाच्या वड्या होत्या,” जनेल म्हणाली. “सहा ताटं. त्यांना लिंबाच्या आवडायच्या.”

साहेबांनी ते कार्ड हलकेच बाजूला ठेवलं. “खूप छान झाल्या होत्या,” मग ते म्हणाले. “कुणी केल्या ते मी विचारलंच नाही.” आणि त्यांनी सही केली, मोठी, स्वच्छ, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता येईल अशी.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे हलकं वाटलं ते काय सांगू! लोण्याच्या कारखान्यापासून मनात अडकलेला एक खडा निखळून पडला. ज्या जखमेची मला लाज वाटायची, तिनंच माझ्या खरेपणाची साक्ष दिली होती. जनेलनं आर्डिसबाईंना मिठी मारली. मग ती ऑर्व्हिलकडे वळली, पण तो आधीच सिंकपाशी पळाला होता. सगळ्यांनी पाई खाल्ली, आणि त्या दिवशी कुणी एकदाही नको म्हटलं नाही.

परवाना जुलैच्या शेवटच्या दिवशी टपालानं आला. वजनांची बाकडी शाळेनं दुसरीकडे, गोदामात ठेवली. शेगड्या जागच्या जागी राहिल्या.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. आर्डिसबाईंनी म्हातारपणी खानावळ बंद केली आणि मला जनेलच्या खोलीत पाठवलं. मी दारापाशी लटकतो, इथेही शेजारी अॅप्रनच्या खुंट्या आहेत. मध्यंतरी एक दुरुस्तीवाला माझी रेघ फुकट सांधून द्यायला आला होता. जनेल म्हणाली, “वंगण घाला, शाईची फीत बदला, धूळ काढा. रेघेला मात्र हात लावू नका.” माझंही मत तेच आहे.

वर्गातल्या प्रत्येक मुलाचं एक कार्ड आहे. तास संपला की मुलं पळत येऊन दांडा दाबतात. पण दर वेळी कुणीतरी एखादं मागे राहतं आणि मुकाट्यानं भांडी आवरत बसतं. जनेल त्याला बरोबर हेरते. “इकडे ये. तुझं कार्ड काढलंस का? मग परत घाल आधी.”

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना वर्षातून एकदा तेल घाला, पोचा आला म्हणून अडगळीत टाकू नका. आणि सगळे निघून गेल्यावर जो मागे थांबून आवरत असतो, त्याला नुसतं विचारा, अजून किती वेळ थांबणार आहेस? तो सांगणार नाही. तरी विचारा.

दर मंगळवारी ऑर्व्हिल शाळेत येतो. आता त्याची पाठ वाकलीय, पण मुलांनी जाळलेली भांडी त्याच्याइतकी स्वच्छ कुणाच्या हातून निघत नाहीत. त्याच्या नावाचं कार्ड सगळ्यांच्या वर, पहिल्या खाचेत आहे. तो त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तडक सिंककडे जातो.

“ऑर्व्हिल, कार्ड!” जनेल ओरडते.

“कशाला गं?” तो बाह्या सरसावत म्हणतो. “मी आपला मदतीला आलोय.”

ती हात पुसत माझ्याकडे येते, त्याचं कार्ड काढते, फटीत सरकवते आणि दांडा दाबते. ठक्.